एका हंगामांतील दोन अजिंक्यपदें

कुस्तीच्या फडांत मानाची गदा एकच असते आणि ती एकाच मल्लाच्या खांद्यावर जाते. इतर खेळांचाहि नियम हाच. एकाच वर्षीं, एकाच देशांत, एकाच खेळांत दोन निरनिराळ्या संघांना राष्ट्राचे अजिंक्यवीर म्हणून गौरविण्यांत यावें आणि त्या दोघांपैकीं एकाचाहि दावा खोटा नसावा, असें सहसा घडत नाहीं. परंतु १९८२ सालीं अमेरिकन संयुक्त संस्थानांत, विद्यापीठांतील मुलींच्या सॉफ्टबॉल ह्या खेळांत, असें घडलें खरें. नेब्रास्का संस्थानांतील ओमाहा शहरीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेचा संघ अजिंक्य ठरला. आणि त्याच हंगामांत ओक्लाहोमा संस्थानांतील नॉर्मन ह्या गांवीं टेक्सस ए अँड एम् विद्यापीठाच्या संघानेंहि राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविलें. दोन्ही ठिकाणीं खेळाचे नियम तेच, चेंडू तोच, वय तेंच. निराळी होती ती फक्त सामने भरविणारी संस्था. हे दोन संघ एकमेकांशीं लढून त्यांतील श्रेष्ठ कोण हें ठरलें नाहीं, याचें कारण मैदानावर सांपडण्यासारखें नाहीं. तें शोधावयाचें तर स्त्रियांच्या खेळाचा कारभार कोणीं पाहावयाचा, ह्या वादाच्या मुळाशीं जावें लागतें.

प्रथम ह्या खेळाची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. सॉफ्टबॉल हें बेसबॉलचें धाकटें भावंड होय. त्याचा जन्म मात्र उघड्या मैदानावर न होतां एका बंद दिवाणखान्यांत झाला. १८८७ च्या नोव्हेंबर महिन्यांत, तिकडील आभारप्रदर्शनाच्या सणाच्या दिवशीं, शिकागो येथील फॅरागट बोट क्लबांत कांहीं तरुण मंडळी येल व हार्वर्ड ह्या दोन विद्यापीठांमधील फुटबॉलच्या सामन्याचा निकाल तारेनें कळण्याची वाट पाहात बसली होती. येल जिंकल्याची वार्ता येतांच विजयी पक्षाच्या एका अभिमान्यानें आनंदाच्या भरांत मुष्टियुद्धाचा एक हातमोजा प्रतिपक्षाच्या माणसाकडे भिरकावला आणि त्यानें तो हातांतील काठीनें परतविला. जॉर्ज हॅन्कॉक नांवाच्या गृहस्थानें हें पाहिलें, हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि खडूनें जमिनीवर रेषा आंखून तेथल्या तेथेंच खेळ मांडला. पुढें मिनीयापोलिस येथील अग्निशामक दलाच्या जवानांनीं रिकामपणाचा व्यायाम म्हणून असाच एक खेळ चालविला. नांवें अनेक झालीं. 'सॉफ्टबॉल' हें नांव १९२६ च्या सुमारास सुचविलें गेलें, आणि १९३३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें मोठ्या प्रमाणावर सामने होऊन खेळास राष्ट्रीय स्वरूप आलें. त्या सामन्यांत पुरुषांप्रमाणें स्त्रियांचेहि संघ होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

नांव मृदु असलें तरी ह्या खेळाचा चेंडू मऊ नसतो. बेसबॉलचा चेंडू घेरानें नऊ इंचांच्या आसपास, तर हा बारा इंचांचा. मैदान लहान, एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंत नव्वदांऐवजीं साठच फूट अंतर. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू, आणि नऊ डावांऐवजीं सात डाव. क्रिकेटशीं परिचित असलेल्या वाचकांस सर्वांत चमत्कारिक वाटेल ती चेंडू टाकण्याची रीत. चेंडू टाकणारास तिकडे पिचर म्हणतात. सॉफ्टबॉलमधील पिचरनें हात खांद्यावरून न आणतां कमरेखालून आणावयाचा असतो. पण त्यापूर्वीं तो पवनचक्कीच्या पात्याप्रमाणें पूर्ण गरकन् फिरवितां येतो, आणि त्या गरक्यांतून चेंडूस जो वेग मिळतो तो पाहणाराच्या छातींत धडकी भरविणारा असतो. ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळीं विद्यापीठीय मुलींच्या सामन्यांत पिचर व फलंदाज यांच्यांत अवघें चाळीस फुटांचें अंतर असे. चेंडू हातांतून सुटला कीं विचारास अवसर नाहीं. यामुळें कसलेल्या पिचरपुढें धांव काढणें हें महत्कठिण काम होऊन बसे, आणि सातहि डाव दोन्ही बाजूंस शून्य राहून सामना आठव्या, दहाव्या, बाराव्या डावापर्यंत लांबत जाई. पुढें १९८० च्या दशकाच्या अखेरीस हें अंतर त्रेचाळीस फूट करण्यांत आलें, याचें कारण हेंच.

विद्यापीठांत ह्या खेळास मान मिळाला तो उशिरां. त्यापूर्वीं कारखान्यांच्या आश्रयानें चालणारे स्त्रियांचे संघ नांवारूपास आले होते. कनेक्टिकट संस्थानांतील स्ट्रॅटफर्ड येथें मोटारींच्या ब्रेकांचें अस्तर करणाऱ्या रेबेस्टॉस कंपनीचा 'ब्रेकेट्स' हा संघ त्यांत अग्रगण्य. ह्या संघाची जोन जॉइस ही पिचर अशी कीं, १९६१ सालीं वॉटरबरी येथील एका प्रदर्शनीय सामन्यांत तिनें टेड विल्यम्ससारख्या बेसबॉलमधील अव्वल दर्जाच्या फलंदाजास चकविलें. स्त्रियांमध्यें कसब नव्हतें म्हणून विद्यापीठें मागें राहिलीं, असें म्हणण्यास ह्या एका प्रसंगानेंच जागा उरत नाहीं.

मग विद्यापीठें मागें कां राहिलीं? त्याचें उत्तर मुलींच्या व्यायामशिक्षिकांच्या तत्त्वज्ञानांत सांपडतें. पुरुषांच्या विद्यापीठीय खेळांत शिरलेला पैसा, खेळाडूंची पळवापळवी, अभ्यासाची हेळसांड हीं सर्व त्या डोळ्यांनीं पाहात होत्या. १९२३ सालीं लू हेन्री हूवर ह्या बाईंच्या पुढाकारानें स्त्रियांच्या हौशी खेळांसाठीं एक स्वतंत्र विभाग स्थापन झाला. ह्या बाईंचे पति हर्बर्ट हूवर पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. थोड्यांनीं जिंकावें ह्यापेक्षां सर्वांनीं खेळावें, हें ह्या पंथाचें ब्रीद. दोन महाविद्यालयांच्या मुली एकत्र जमत. पण त्या परस्परांविरुद्ध न खेळतां मिश्र संघ करून खेळत, म्हणजे हारजितीचा अभिमान कोणत्याहि विद्यालयास चिकटूं नये! हेतु उदात्त होता यांत शंका नाहीं. परंतु ज्या मुलीच्या अंगांत खरी स्पर्धेची ऊर्मि होती तिला ह्या चहापानयुक्त खेळानें समाधान कसें लाभावें? तिला कारखान्याच्या संघाचाच रस्ता धरावा लागे.

१९६० नंतर हे विचार पालटूं लागले. १९६९ सालीं ओमाहा येथें मुलींच्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलचे पहिले राष्ट्रीय सामने भरले. 'विमेन्स कॉलेज वर्ल्ड सीरीज' असें त्यांस भारदस्त नांव मिळालें, तरी थाट अगदीं साधाच होता. पहिलीं तीनहि वर्षें विजयश्रीनें माळ घातली ती कोणा धनाढ्य विद्यापीठास नव्हे. वाहू नांवाच्या नेब्रास्कांतील लहानशा गांवच्या जॉन एफ. केनेडी महाविद्यालयास. ज्या महाविद्यालयानें हा पहिला मान मिळविला तें १९७५ सालीं बंदहि पडलें. ह्या खेळाचा पाया कोणत्या थरांतील लोकांनीं घातला, याची त्यावरून कल्पना येईल.

लौकरच स्त्रीशिक्षिकांनीं आपली स्वतंत्र संस्था उभारली. 'असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक्स फॉर विमेन' हें तिचें लांबलचक नांव. येथें सोयीसाठीं तिला स्त्रीसंघ म्हणूं. १९७१-७२ च्या सुमारास स्त्रीसंघाची स्थापना झाली तेव्हां सुमारें २८० महाविद्यालयें सभासद होतीं. दहा वर्षांच्या आंत ती संख्या ९७० च्या घरांत गेली. कारभार जवळजवळ सर्वस्वीं स्त्रियांच्या हातीं होता, आणि नियमहि पुरुषांच्या रीतीहून निराळे होते. चांगले खेळाडू मिळविण्यासाठीं शिक्षकांनीं संस्थेच्या पैशानें गांवोगांव हिंडूं नये. एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत गेलेल्या मुलीस वर्षभर बाहेर बसवूं नये. विद्यार्थिनी ती आधीं विद्यार्थिनी, मग खेळाडू. प्रारंभीं तर खेळासाठीं शिष्यवृत्ति देण्यासहि बंदी होती. परंतु १९७३ सालीं ह्या बंदीविरुद्ध फ्लॉरिडा संस्थानांतून दावा दाखल झाला, मुलांना जें मिळतें तें मुलींना कां नाहीं असा प्रश्न कोर्टासमोर आला, आणि स्त्रीसंघानें ती बंदी मागें घेतली. शुद्ध तत्त्व आणि समान हक्क यांचा झगडा लागला तर पारडें कोणत्या बाजूस झुकावें, हा पेंच स्त्रीसंघापुढें तेव्हांपासूनच उभा होता.

ह्या पेंचाला जन्म देणारा कायदा १९७२ चा. त्या वर्षीं २३ जून रोजीं अध्यक्ष निक्सन यांची सही होऊन शिक्षणविषयक कायद्याचें नववें प्रकरण अमलांत आलें. सरकारी साहाय्य घेणाऱ्या कोणत्याहि शिक्षणसंस्थेंत स्त्रीपुरुषभेदावरून कोणास वगळूं नये, एवढाच त्याचा आशय. ऑरेगॉनच्या एडिथ ग्रीन, हवाईच्या पॅट्सी मिंक आणि इंडियानाचे सेनेटर बर्च बाय यांच्या परिश्रमांचें तें फळ होतें. मौज अशी कीं, त्या कलमांत खेळांचा उल्लेखहि नाहीं. परंतु विद्यापीठाचें क्रीडांगण हा विद्यापीठाचाच भाग; तेव्हां कायद्याची छाया तेथवर पडणें अपरिहार्य होतें.

पुरुषांच्या विद्यापीठीय खेळांची सत्ता ज्या संस्थेच्या हातीं होती ती म्हणजे 'नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन'. ह्या राष्ट्रीय मंडळास हा कायदा रुचला नाहीं. फुटबॉलसारख्या पैसे मिळविणाऱ्या खेळांना त्यांतून वगळावें म्हणून १९७४ सालीं सेनेटर जॉन टॉवर यांनीं दुरुस्ति सुचविली, तिला मंडळाचें पाठबळ होतें. ती टिकली नाहीं. १९७६ सालीं मंडळानें कायद्याच्या नियमांविरुद्ध कोर्टाची पायरी चढून पाहिली, पण नियम कांहीं हटले नाहींत. तेव्हां मंडळाच्या धोरणानें कूस बदलली. जो प्रवाह अडवितां येत नाहीं त्यास आपल्या पाटांत वळवावा, असा विचार प्रबळ झाला. १९८० च्या वार्षिक अधिवेशनांत लहान विद्यापीठांसाठीं, आणि जानेवारी १९८१ मधील मायामीच्या अधिवेशनांत मोठ्या विद्यापीठांसाठीं, स्त्रियांचे राष्ट्रीय सामने आपणच भरविण्याचे ठराव मंडळानें केले. मायामीचें मतदान कमालीचें अटीतटीचें झालें. प्रथम मतें समसमान पडलीं; पुन्हां मोजणी झाली, पुन्हां विचार झाला, आणि अखेर ठराव संमत झाला. हीं मतें देणारे बहुतेक सारे पुरुष होते.

ह्या वादांत एका बाजूस सर्व स्त्रिया व दुसऱ्या बाजूस सर्व पुरुष होते, असें मात्र समजूं नये. राष्ट्रीय मंडळानें जें पुढें केलें तें पुष्कळ शिक्षिकांनाहि हवेंच होतें. सामन्यांस जाणाऱ्या संघांचा प्रवासखर्च मंडळ देणार होतें; स्त्रीसंघाजवळ तेवढें धन नव्हतें. आजवर मुलींनीं मोटारींत दाटीवाटीनें बसून, कधीं शिक्षिकेनेंच गाडी हांकून, खाद्यपदार्थ विकून जमविलेल्या पैशावर प्रवास केला होता. त्यांना विमानाचें तिकीट नको असें कोण म्हणेल? पुरुषांच्या विभागासाठीं जी वर्गणी भरली तींतच स्त्रियांचाहि समावेश, जादा वर्गणी नाहीं, हें दुसरें आमिष. आणि दूरचित्रवाणीवर सामने दिसण्याची शक्यता हें तिसरें. ज्या दुकानदाराजवळ मोठें भांडवल आहे तो शेजारच्या लहान दुकानासमोर तोच माल अधिक सवलतीनें विकूं लागला, तर गिऱ्हाइकाचें पाऊल कोणीकडे वळेल हें सांगावयास ज्योतिषी नको.

त्या वेळीं स्त्रीसंघाच्या अध्यक्षपदाची धुरा डोना लोपियानो ह्या बाईंकडे आली होती. त्या टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील स्त्रीक्रीडाविभागाच्या प्रमुख. त्यांचा पूर्वेतिहास ह्या कथेस फार जवळचा आहे. कनेक्टिकटमधील स्टॅमफर्ड गांवीं लहानपणीं त्या बेसबॉलच्या बालसंघांत निवडल्या गेल्या होत्या. पण मुलींस मज्जाव करणारा नियम पुस्तकांतून दाखवून त्यांना परत पाठविण्यांत आलें. तो नियम पुढें १९७४ सालीं रद्द झाला. लोपियानो सॉफ्टबॉलकडे वळल्या आणि १९६३ पासून १९७२ पर्यंत त्याच नामांकित ब्रेकेट्स संघांतून खेळल्या. नियमाचें पुस्तक कोणाच्या हातीं असतें यावर मुलीचें नशीब अवलंबून असतें, हें तत्त्व त्यांना ग्रंथांतून शिकावें लागलें नव्हतें. १९८१ सालीं स्त्रीसंघानें राष्ट्रीय मंडळाविरुद्ध मक्तेदारीच्या कायद्याखालीं फिर्याद केली. एका बाजारांतील आपली सत्ता वापरून मंडळ दुसरा बाजार बळकावीत आहे, असा तिचा आशय होता. परंतु कोर्टाचें चाक सावकाश फिरतें, आणि हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं.

अशा स्थितींत १९८२ चा सॉफ्टबॉलचा हंगाम उगवला. प्रत्येक विद्यापीठापुढें एकच प्रश्न: कोणत्या झेंड्याखालीं जावयाचें? बड्या विद्यापीठांपैकीं पुष्कळांनीं नव्या घराची वाट धरली. कांहीं जुन्या घराशीं इमान राखून राहिलीं. मे महिन्यांत ओमाहा येथील सीमूर स्मिथ पार्कवर राष्ट्रीय मंडळाच्या पहिल्या स्त्री-सॉफ्टबॉल सामन्यांसाठीं आठ संघ जमले. तेरा वर्षांपूर्वीं ज्या शहरीं हे सामने प्रथम सुरू झाले तेंच शहर. यजमान मात्र निराळा. अंतिम सामन्यांत लॉस एंजेलिसचा संघ आणि फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाचा संघ, दोघेहि कॅलिफोर्नियाचेच, समोरासमोर आले. सात डाव संपले तरी दोन्ही बाजूंस भोपळाच. आठव्या डावांत लॉस एंजेलिसच्या मुलींनीं दोन धांवा काढल्या आणि सामना २-० असा जिंकला. त्या संघांत डेबी डूम ही पहिल्याच वर्षाची पिचर होती, आणि डॉट रिचर्ड्सन ही चपळ क्षेत्ररक्षक होती. त्यांच्या मार्गदर्शिका शॅरन बॅकस ह्याहि एके काळीं ब्रेकेट्समधून खेळलेल्या. त्यांच्याच हाताखालीं ह्या संघानें १९७८ सालीं जुन्या स्त्रीसंघाचें अजिंक्यपदहि मिळविलें होतें.

इकडे नॉर्मन येथें स्त्रीसंघाचे सामने चालू होते. स्त्रीसंघाचा तो शेवटचा सॉफ्टबॉलचा मेळावा ठरणार, हें तेथें जमलेल्या बहुतेकांस उमगलें असावें. परंतु चेंडूला हें ठाऊक नसतें, आणि खेळणाऱ्या मुलींनाहि खेळतांना त्याचें भान राहात नाहीं. टेक्सस ए अँड एम् च्या मुलींनीं ओक्लाहोमा स्टेटच्या संघास हरवून अजिंक्यपद मिळविलें. ह्या विद्यापीठाचा इतिहासहि विलक्षण. तें मूळचें लष्करी शिस्तीचें, केवळ पुरुषांसाठीं चालविलेलें महाविद्यालय. स्त्रियांना तेथें रीतसर प्रवेश मिळूं लागला तो १९६३ पासून, आणि तोहि आरंभीं मर्यादित. वीस वर्षांच्या आंत त्याच विद्यापीठाच्या मुलींनीं स्त्रियांच्या संस्थेचा अखेरचा मान मिळवावा, हा योग कांहीं साधा नव्हे. त्यांतहि विधीचा विनोद पाहा. पुरुषांच्या मंडळाचें पहिलें पद मिळविणाऱ्या संघाची मार्गदर्शिका स्त्री होती, तर स्त्रियांच्या संघाचें शेवटचें पद मिळविणाऱ्या संघाचा मार्गदर्शक बॉब ब्रॉक हा पुरुष. इतिहास आपल्या सोयीच्या दोन कप्प्यांत कधीं नीट बसत नाहीं, तो असा.

हंगाम संपतो न संपतो तोंच, ३० जून १९८२ रोजीं स्त्रीसंघानें आपलें कामकाज थांबविलें. सभासद गळत चालले होते, दूरचित्रवाणीचें उत्पन्न आटलें होतें, आणि पुढील वर्षाचे सामने भरविण्याइतकी शक्ति उरली नव्हती. फिर्यादीचा निकाल १९८३ सालीं स्त्रीसंघाविरुद्ध लागला. १९८४ सालीं वरच्या कोर्टानेंहि तोच कायम केला. टेक्ससच्या मुलींचा विजय खरा होता, तरी तो देणारी संस्था महिन्याभरांतच इतिहासजमा झाली. ज्या टाकसाळींतून नाणें पडलें ती टाकसाळच बंद झाली, म्हणून नाणें खोटें ठरत नाहीं. पण तें बाजारांत चालेनासें होतें. तसेंच घडलें. राष्ट्रीय मंडळाच्या नोंदवह्यांतून स्त्रियांच्या अजिंक्यपदांची मोजणी १९८२ च्या ओमाहापासून सुरू होते. त्यापूर्वींचीं तेरा वर्षें त्या मोजणींत येत नाहींत. लॉस एंजेलिसचें विद्यापीठ आजहि आपलें १९७८ चें पद निराळें मांडून दाखवितें, तें ह्याच कारणास्तव.

मैदानावरील प्रश्नाचें उत्तर मात्र लौकरच मिळालें. १९८३ सालीं टेक्सस ए अँड एम् चा संघ नव्या घरांत दाखल झाला आणि त्यानें तेथील अजिंक्यपदहि जिंकलें. अंतिम सामन्यांत फुलर्टन येथील कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठास त्यानें २-० असें हरविलें, तें बाराव्या डावांत. नॉर्मनचें पद हें दुय्यम संघांमधील पद होतें, असा कोणाचा समज असल्यास तो त्या बारा डावांनीं नाहींसा केला. पुढच्याच वर्षीं, १९८४ सालीं, ओमाहाच्याच मैदानावर १९८२ चे दोन्ही अजिंक्यवीर अंतिम सामन्यांत समोरासमोर उभे राहिले. तो सामना तेरा डाव चालला आणि लॉस एंजेलिसनें तो १-० असा जिंकला. सामन्याच्या ठरलेल्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट वेळ झुंजून फरक पडला तो एका धांवेचा! दोन वर्षांपूर्वीं ज्यांना दोन दालनांत बसविलें होतें ते किती तुल्यबळ होते, याची साक्ष ह्याहून बोलकी कोणती असणार?

आतां जमाखर्च मांडून पाहिला तर काय दिसतें? जमेची बाजू मोठी आहे, ती नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. शिष्यवृत्त्या वाढल्या, मैदानें झालीं, प्रवास सुखाचा झाला. १९९० पासून ह्या सामन्यांचें ठाणें, एका वर्षाचा अपवाद वगळतां, ओक्लाहोमा सिटी येथें स्थिर झालें आहे; तेथील क्रीडागारांत आतां सुमारें तेरा हजार प्रेक्षकांची सोय आहे. तो अपवाद १९९६ चा. त्या वर्षीं जॉर्जिया संस्थानांतील कोलंबस येथें ऑलिंपिक सामन्यांत सॉफ्टबॉल प्रथमच खेळला गेला, आणि चीनविरुद्ध ३-१ असा विजय मिळवून देणारा मोठा टोला मारला तो १९८२ च्या ओमाहांतील डॉट रिचर्ड्सन हिनें. ती तोंवर अस्थिशल्यचिकित्सेचें शिक्षण घेत असलेली डॉक्टर झाली होती. १९८२ सालीं जी कल्पनाहि हास्यास्पद ठरली असती ती गोष्ट २०२४ सालीं घडली: नायजारी कॅनडी ह्या विद्यार्थिनी-पिचरनें टेक्सस टेक विद्यापीठाकडून खेळण्यासाठीं दहा लाख डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला. जुन्या स्त्रीसंघाच्या शिक्षिकांना ह्या बातमीनें आनंद झाला असता कीं खेद, हें सांगणें सोपें नाहीं.

खर्चाची बाजू डोळ्यांना तितकी दिसत नाहीं. १९७२ पूर्वीं मुलींच्या विद्यापीठीय संघांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिकांच्या मार्गदर्शिका स्त्रिया होत्या. पुढें तें प्रमाण घसरत निम्म्याच्याहि खालीं गेलें. पगार वाढले, प्रतिष्ठा वाढली, तशी पुरुषांचीहि त्या जागांसाठीं रीघ लागली. मुलींच्या क्रीडाविभागाची स्वतंत्र प्रमुख ही जागा एकामागून एका विद्यापीठांत मुलांच्या विभागांत विलीन झाली, आणि पूर्वींची प्रमुख आतां दुय्यम ठरली. निर्णयाच्या बैठकींत स्त्रियांसाठीं कांहीं जागा राखल्या गेल्या. पण यजमानीण म्हणून बसणें आणि पाहुणी म्हणून बसणें यांत अंतर असतेंच. ह्या अंतराची प्रचीति चाळीस वर्षांनींहि आली. २०२१ सालीं बास्केटबॉलच्या सामन्यांत मुलांना आणि मुलींना दिलेल्या सोयींतील तफावत एका खेळाडूनें जगासमोर आणली. त्याच वर्षीं ओक्लाहोमा सिटींत पावसानें लांबलेला सॉफ्टबॉलचा एक सामना मध्यरात्र उलटून गेल्यावरहि चालू होता, आणि वेळापत्रकांत मुलींना विश्रांतीचा दिवसच नाहीं, अशी ओरड झाली. मंडळानेंच नेमलेल्या बाहेरच्या वकिलांनीं चौकशी करून स्त्रियांच्या खेळास मंडळानें योग्य मोल दिलें नाहीं, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर वेळापत्रकांत जादा दिवस घालण्यांत आला. तक्रार केली तेव्हां सुधारणा झाली, हें खरें. पण घर आपलें असतें तर विश्रांतीचा दिवस मागावा लागला असता काय, हा प्रश्न उरतोच.

स्त्रीसंघ टिकला असता तर हे तेरा हजार प्रेक्षक, हे करार, ही कीर्ति लाभली असती काय? इतिहास अशा प्रश्नांचीं उत्तरें देत नाहीं, आणि त्याच्याकडून तीं वदवून घेऊंहि नयेत. एवढें मात्र निश्चित कीं, १९८२ सालीं स्त्रियांपुढें आलेली निवड दारिद्र्यांतील स्वराज्य आणि श्रीमंतींतील आश्रय यांमधील होती, आणि ती त्यांच्या एकट्यांच्या मतानें झाली नाहीं. राज्य गेलें तरी फौज उरली. आणि तीच फौज आज नव्या ध्वजाखालीं दिग्विजय करीत आहे. १९६९ पासून वाहूच्या, ओमाहाच्या, नॉर्मनच्या साध्या मैदानांवर ज्या शिक्षिकांनीं स्वतः चुन्याच्या रेषा आंखून, स्वतः गाड्या हांकून हा खेळ उभा केला, त्यांचें नांव विजेत्यांच्या फलकावर कोठेंहि नाहीं. तरी ओक्लाहोमा सिटीच्या दिव्यांच्या झगमगाटांत एखादी मुलगी हात गरकन् फिरवून चेंडू सोडते, तेव्हां ती ज्या जागेवर उभी असते ती जागा त्यांनीं घडविलेली आहे. ओमाहाची नोंद पुस्तकांत पहिली म्हणून राहील. नॉर्मनची नोंदहि तिच्या शेजारीं, तितक्याच मानानें, राहावयास हवी.